माल्ट शिजवायचं इलेक्ट्रिक भगुलं घरी कसं बनवायचं: आधी अर्थिंग, मग बाकी सगळं

परदेशात बरेच जण घरच्या घरी बिअर करायला इलेक्ट्रिक सिस्टिम बनवतात. एक मोठं स्टीलचं भांडं, त्यात हीटरचा रॉड, बाजूला टेम्परेचर कंट्रोलरचा डबा, एक छोटा पंप आणि धान्याची पिशवी. मी सोलापुरात तेच सगळं बनवलंय, फरक एवढाच की मी यीस्ट टाकत नाही. आपल्याकडं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर आंबवणं हा गुन्हाच आहे, घरापुरती दोन लिटर केली तरी, त्यामुळं त्या वाटेला जाऊच नका. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भिजवून शिजवायचं, त्याचा गोड रस काढायचा, उकळायचा, गार करून आलं-लिंबू घालून प्यायचा, इथपर्यंतच हा लेख आहे. या रसाला वर्ट म्हणतात, बिअरच्या कारखान्यात आंबवायच्या आधी हाच असतोय. उन्हाळ्यात बर्फ टाकून इतका भारी लागतोय की आमच्या घरी आता कोल्ड्रिंकची बाटली येत नाही.

मशीन तेच आहे म्हणजे धोका पण तोच आहे, पाणी आणि २३० व्होल्ट एकाच भांड्यात. म्हणून या लेखात निम्मी जागा विजेलाच दिलीय, कंटाळा आला तरी तो भाग सोडून पुढं जाऊ नका.

गॅसवर का नाही

गॅसवर पण होतंय, पण टेम्परेचर धरून ठेवता येत नाही. माल्टमध्ये अमायलेस नावाचे एंझाइम असतात, ते धान्यातल्या स्टार्चची साखर करतात. एक प्रकार ६२ ते ६५ डिग्रीला जोरात काम करतो, दुसरा ६८ ते ७२ ला, आणि ७८ च्या वर गेलं की दोन्ही हळूहळू निकामी होतात, मग कितीबी वेळ ठेवा साखर होत नाही. म्हणजे तासभर ६६ च्या आसपास धरून ठेवायचं एवढाच सगळा खेळ आहे. दही लावताना दूध किती कोमट पाहिजे ते आईला बोटानं कळतंय, पण ६६ आणि ७२ मधला फरक बोटाला कळत नाही, बोट भाजतंय फक्त.

आपल्या सोलापूरकरांना हे एंझाइम तसं परकं नाही. सायझिंगमध्ये सुताला स्टार्चची खळ देतात आणि नंतर कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये ती खळ काढायला अमायलेसच वापरतात, घट्ट चिकट स्टार्च पातळ पाण्यासारखा होऊन धुऊन जातो. भगुल्यात पण तेच बघायला मिळतंय, पहिल्या पाच-दहा मिनिटात घट्ट पेजेसारखं असलेलं अर्ध्या तासात पातळ आणि गोड झालेलं असतंय.

आधी घराची वीज तपासा, खरेदी नंतर

मी रॉड २५०० वॅटचा घेतलाय. २५०० भागिले २३०, म्हणजे साधारण ११ अँपिअर. ३००० चा घेतला तर १३ अँपिअर जातात, १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटला ते कागदावर चालतंय पण तासभर सलग चाललं की प्लग टॉप गरम होतोय, त्यात आपला एप्रिल-मे, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यानं २५०० च्या वर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पंधरा मिनिटं जास्त लागतील, लागू द्या.

लाइट बिलावर मंजूर भार लिहिलेला असतोय तो बघून घ्या. मग वायरमन बोलवा, हे काम स्वतः करायचं नाही. त्याच्याकडून मीटरच्या बोर्डापासून वेगळी लाइन ओढून घ्या, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, त्यावर १६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा डबल पोल आरसीसीबी. दुकानदार कधीकधी १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हातात देतो, तो आग लागू नये म्हणून असतोय, माणूस वाचवायला ३० चाच पाहिजे, खोक्यावर वाचून घ्या.

एमसीबी आणि आरसीसीबी ही दोन वेगळी कामं आहेत हे डोक्यात पक्कं बसवा. एमसीबी वायर वाचवतो, लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की पडतो. तुम्हाला शॉक लागायला लागला तर एमसीबीला काहीच कळत नाही, कारण माणसाला मारायला लागणारा करंट त्याच्या हिशोबानं काहीच नसतोय. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची सतत तुलना करत असतो, मध्येच कुठंतरी ३० मिलिअँपिअर गळाला की सेकंदाच्या एक तृतीयांश भागाच्या आत लाइन तोडतो. अर्थिंग चांगलं असेल तर रॉड फुटून करंट भांड्यात उतरला की तो लगेच अर्थमध्ये जातो आणि तुम्ही हात लावायच्या आधीच आरसीसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर तो तुम्ही हात लावल्यावर पडतो. दोन्हीत फरक किती आहे ते सांगायची गरज नाही.

आता अर्थिंगचं आपल्याकडचं खास दुखणं. आपली जमीन काळी. पावसाळ्यात ओल धरते तोवर अर्थिंग झकास असतंय, पण मार्चनंतर माती आटते, भेगा पडतात आणि अर्थच्या रॉडपासून माती सुटते, मग तेच अर्थिंग जे नोव्हेंबरमध्ये चांगलं होतं ते मे महिन्यात नावालाच राहतंय. म्हणून उन्हाळ्यात अर्थच्या खड्ड्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी ओता, भांडी धुतलेलं पाणी पण चालतंय. आणि नुसतं मल्टिमीटरनं फेज-अर्थमध्ये २३० दाखवलं म्हणून खूश होऊ नका, बारीक तुटत आलेल्या वायरवर पण मल्टिमीटर २३० दाखवतो. वायरमनकडं अर्थ टेस्टर असतोय, त्यावर किती ओहम येतंय ते बघायला सांगा, पाचच्या आत आलं तर चांगलं.

सामान

भांडं: ३५-४० लिटरचं स्टीलचं जाड बुडाचं भगुलं, ३०४ ग्रेडचं. २५ लिटर पाणी, वर ४ किलो धान्य आणि उकळताना फेस यायला जागा, म्हणून एवढं मोठं. अॅल्युमिनियम घेऊ नका. काही दुकानदार चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४ असं सांगतात पण २०२ या हलक्या ग्रेडला पण चुंबक चिकटत नाही, त्यामुळं भरवशाच्या दुकानातून, शिक्का बघून, बिल घेऊन आणा.

रॉड: स्टीलच्या आवरणाचा, जेवढा लांब आणि दुमडलेला मिळेल तेवढा चांगला. २५०० वॅट छोट्याशा आखूड रॉडमध्ये कोंबले असतील तर त्याचा पृष्ठभाग फार तापतोय आणि गोड रस तिथंच करपतोय, सगळ्या २० लिटरला जळका वास येतोय.

बाकी यादी: पीटी-१०० सेन्सर (टेम्परेचर मोजणारा), पीआयडी कंट्रोलर (टेम्परेचर बघून हीटर चालू-बंद करणारा), ४० अँपिअरचा एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, कंट्रोलरच्या इशाऱ्यावर रॉडला करंट सोडणारा) आणि त्याचा अॅल्युमिनियमचा हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा), २५ अँपिअरचा डबल पोल कॉन्टॅक्टर (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा मोठा रिले), लाल मशरूम बटण (आणीबाणीत दाबून बंद करायचं), पत्र्याचा डबा, केबल ग्लँड (केबल आत जाते तिथं घट्ट धरणारा), १०० डिग्री सोसणारा फूड ग्रेड मॅग्नेटिक पंप, सिलिकॉनची नळी, स्टीलचा बॉल व्हॉल्व. नळी सिलिकॉनचीच, बागेची पीव्हीसी नळी गरम रसात मऊ पडते आणि चव उतरते. पीआयडी घेताना एसएसआर आउटपुटचा आहे का ते विचारा, रिले आउटपुटचा असला तर तो आतला रिले टकटक करत काही महिन्यात मरतो. यातलं बरंचसं मला अक्कलकोट रोडच्या बाजूला लूम आणि मोटारींचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळालं, सेन्सर आणि पंप तेवढे ऑनलाइन मागवले.

पिशवी मात्र आपल्या गावात सगळ्यात स्वस्त पडते. पॉलिस्टरचं बारीक जाळीचं कापड घेऊन शिंप्याकडून भगुल्याच्या मापाची पिशवी शिवून घ्या, तळाला डबल शिलाई आणि वर नाडी. ओली पिशवी आठ किलोपर्यंत जड होते, साधी शिलाई उसवते.

भगुल्याला भोकं

तीन भोकं पाडायची आहेत: रॉड, सेन्सर, बॉल व्हॉल्व. रॉड बुडापासून दीड-दोन इंच वर. स्टीलला भोक पाडताना ड्रिल एकदम स्लो ठेवायचं, तेलाचे थेंब टाकत राहायचं आणि दाब जास्त द्यायचा. जोरात फिरवलं की स्टील तापून आणखी कडक होतंय आणि बिट बोथट होतोय, मग ते भोक पुढं जातच नाही. आधी बारीक बिटनं, मग स्टेप बिटनं मोठं करत जायचं. नंतर कानसनं कडा साफ करा, नाहीतर सिलिकॉनचा वॉशर चिरतोय आणि तिथूनच गळती सुरू होते. हे काम जमत नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडं नेऊन द्या, तास-दीड तासात होतंय.

रॉडची टर्मिनलं भांड्याच्या बाहेर उघडी राहतात, तिथं झाकण पाहिजेच पाहिजे. उकळताना फेस उतू जातो तेव्हा तो बरोबर तिथंच ओघळतो. झाकणाला ग्लँड लावा आणि केबल तिथून आधी खाली लोंबू देऊन मग वर न्या, म्हणजे केबलवरून ओघळलेलं पाणी खालच्या वळणावरून टपकून जाईल, टर्मिनलकडं जाणार नाही.

कंट्रोल बॉक्स

लाइनचा रस्ता असा: भिंतीवरचा एमसीबी आणि आरसीसीबी, तिथून केबल डब्यात, डब्यात आधी कॉन्टॅक्टर, मग एसएसआर, मग रॉड. पीआयडी आणि कॉन्टॅक्टरची कॉइल मशरूम बटणातून. बटण दाबलं की कॉन्टॅक्टर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो.

कॉन्टॅक्टर कशाला, एसएसआर आहे की, असं खूप जण म्हणतात. एसएसआर हा स्विच नाही, हे लक्षात घ्या. तो बंद असताना पण त्यातून थोडा करंट झिरपत असतोय, म्हणजे रॉडच्या टर्मिनलला हात लावला तर शॉक बसू शकतो. आणि एसएसआर खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा चालू अवस्थेतच चिकटतो, पीआयडी बंद दाखवतोय आणि रॉड मात्र फुल तापतोय. तेव्हा हाताशी लाल बटण पाहिजे. एसएसआरवर ११ अँपिअरला दहा-पंधरा वॅट उष्णता तयार होते, हीट सिंक डब्याच्या बाहेरच्या बाजूला, पंख उभे ठेवून लावा आणि मध्ये थर्मल पेस्ट लावा. ४० अँपिअरचा घ्यायचं कारण पण आपला उन्हाळाच, ४२ डिग्रीच्या खोलीत कुठलाच एसएसआर छापलेला आकडा देत नाही.

सेन्सरला तीन वायरी असतात, दोन एका रंगाच्या आणि एक वेगळी. मल्टिमीटरनं बघा, एका रंगाच्या दोघींमध्ये जवळजवळ शून्य ओहम येतंय आणि वेगळ्या वायरीबरोबर खोलीच्या टेम्परेचरला ११० च्या आसपास. शून्य डिग्रीला १०० ओहम आणि शंभर डिग्रीला साडेअडतीस ओहम जास्त, असं त्याचं गणित असतंय. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये इनपुट पीटी-१०० निवडायला विसरू नका, बऱ्याच वेळा येतानाच तो दुसऱ्या सेन्सरवर सेट असतो आणि मग भलतंच टेम्परेचर दाखवतो.

आता माझ्याकडून काय चुकलं ते सांगतो. डबा पावडर कोटिंगचा होता, चकाचक राखाडी. मी अर्थची वायर लग लावून, वॉशर टाकून, बोल्टनं डब्याला घट्ट आवळली होती. दिसायला एकदम कंपनीचं काम. चालू करायच्या आधी पूर्व भागात लूमच्या मोटारी रिवाइंडिंग करणारे एक अण्णा आहेत त्यांना दाखवायला नेला. त्यांनी काही न बोलता मल्टिमीटर बझरवर टाकला, म्हणजे दोन टोकांमध्ये जोडणी असली की तो वाजतो, एक टोक प्लगच्या अर्थ पिनला, दुसरं डब्याच्या कोपऱ्यावर जिथं रंग उडाला होता तिथं. आवाजच नाही. परत टेकवलं, तरी नाही.

"काय रे पोरा, रंगाला अर्थिंग दिलास व्हय?" म्हणाले. मग बोल्ट काढला, कानस घेतली आणि रुपयाच्या नाण्याएवढी जागा घासून पांढरा पत्रा उघडा केला, दातरी वॉशर टाकला, बोल्ट आवळला आणि परत टेकवलं, तेव्हा बझर वाजला. "दाराला पण वेगळी वायर टाक. बिजागरीतून अर्थिंग जातंय असं समजू नकोस." दारावर बटण आणि कंट्रोलर होता, म्हणजे माझा हात सगळ्यात जास्त जिथं लागणार तिथंच. तेव्हापासून मी कुणाचाही डबा बघितला की आधी बझर लावतो. भगुलं, रॉडची बॉडी, डबा, दार, पंपाची बॉडी धातूची असेल तर ती, या प्रत्येकापासून प्लगच्या अर्थ पिनपर्यंत बझर वाजला पाहिजे, एकही सुटता कामा नये.

डबा भगुल्याच्या पातळीपेक्षा वर आणि बाजूला लावा, वाफ लागणार नाही असा. खाली फरशीवर ठेवू नका.

पहिला दिवस फक्त पाण्याचा

पहिल्या दिवशी धान्य नाही. २५ लिटर पाणी भरा, गळती बघा, तासभर तसंच ठेवा. रॉड पाण्यात किमान तीन-चार इंच बुडालेला पाहिजे, कोरड्यात चालू केला तर काही सेकंदात लाल होऊन जळतोय. मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, खट्कन पडला पाहिजे. नाही पडला तर पुढं जायचं नाही, बदलून आणायचा.

मग पंप चालू करा. पंप भगुल्याच्या बुडापेक्षा खाली असला पाहिजे, तो स्वतः पाणी ओढून घेत नाही, पाणी त्याच्यात आपोआप उतरावं लागतंय. व्हॉल्वमधून खाली, पंपातून वर, परत भगुल्यात, असं फिरत ठेवा आणि पीआयडीला ६६ देऊन ऑटोट्यून लावा. तो दोन-तीन वेळा वर-खाली करून तुमच्या भांड्याचा स्वभाव शिकून घेतो, याला तास लागतोय, मध्ये हात लावू नका. पाणी फिरत नसताना ऑटोट्यून केलं तर सगळं चुकीचं शिकतो.

वेळ किती लागतो याचा हिशोब सोपा आहे. एक लिटर पाणी एक डिग्री तापवायला ४.१८६ किलोज्यूल. २५ लिटर, २८ वरून ६७, म्हणजे ३९ डिग्री, चार हजार किलोज्यूलच्या थोडं वर, म्हणजे सव्वा युनिटच्या आत. २५०० वॅटला २७ मिनिटं, पण भांड्यातून उष्णता जाते म्हणून प्रत्यक्षात ३५ धरा. संध्याकाळी व्होल्टेज २०० वर आलं तर हाच रॉड १९०० वॅटच देतो, कारण व्होल्टेज थोडं पडलं तरी पॉवर त्याच्या वर्गानं पडते, मग पाऊण तास लागतोय आणि माणसाला वाटतंय रॉड बिघडला. अख्ख्या दिवसाचं मिळून साडेतीन युनिटच्या आसपास जातात. भगुल्याला बाहेरून जुनी सोलापुरी चादर गुंडाळली तर आणखी वाचतंय, फक्त टर्मिनलच्या बाजूला गुंडाळू नका आणि उकळायच्या आधी काढून ठेवा.

पाण्याची फेरी झाली की शेवटी दोन-तीन चमचे लिंबूसत्व टाकून एकदा उकळून ओतून द्या, ड्रिलचं तेल आणि धातूचा कीस निघून जातोय.

धान्य: ज्वारी का नाही

मंगळवेढ्याची मालदांडी घरात असताना जव कशाला, हा माझाच पहिला प्रश्न होता. पण ज्वारीला मोड आले की त्या कोंबात आणि मुळांत धुरिन नावाचं द्रव्य तयार होतंय, त्यातून सायनाइड निघतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात हे आपल्याकडं शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही, कारण तेच आहे. आफ्रिकेत ज्वारीचं माल्ट पिढ्यानपिढ्या करतात, पण कोंब-मुळं पूर्ण काढून, नीट वाळवून, त्यातलं कळणारी माणसं. शिवाय ज्वारीचा स्टार्च जवापेक्षा जास्त टेम्परेचरला शिजतो, म्हणजे ६६ ला तो कच्चाच राहतो. नवख्या माणसानं ज्वारीचं माल्ट करू नये. जव घ्या, नाहीतर नाचणी.

तयार जवाचं माल्ट ऑनलाइन मिळतंय, पहिल्या वेळी तेच आणा. घरी करायचं असेल तर सालासकट अख्खा जव घ्या, पण बियाण्याच्या दुकानातला रंग लावलेला अजिबात नाही, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतंय. आठ तास भिजवा, पाणी काढून आठ तास उघडा ठेवा, परत भिजवा. मग ओल्या फडक्याखाली पसरून दिवसातून दोनदा हलवत चार-पाच दिवस मोड येऊ द्या. हे डिसेंबर-जानेवारीत, हुरड्याच्या दिवसात छान जमतंय, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला आमच्या गच्चीवर दोन परड्या असतातच. एप्रिलमध्ये केला तर धान्य आतून तापतंय आणि आंबूस वास येऊन बुरशी धरते, ते सरळ फेकायचं. कोंब सालीच्या आत दाण्याच्या पाऊण लांबीएवढा झाला की थांबवायचं, दाणा नखानं उभा चिरून बघा म्हणजे दिसतंय. मग ५० डिग्रीच्या खालीच वाळवायचं, ओलं असताना जास्त तापवलं तर एंझाइम तिथंच मरतात. पूर्ण खडखडीत वाळल्यावर मग कढईत मंद आचेवर थोडं परता, वास बिस्किटासारखा येतोय. शेवटी फडक्यावर चोळून मुळ्या काढा, आई नाचणीच्या सत्त्वाला काढते तशाच.

गिरणीत सांगताना "दळा" म्हणू नका, "भरडा" म्हणा, लापशीच्या रव्यापेक्षा जाड. पीठ झालं तर पिशवीची जाळी बुजते आणि पंप अडतोय.

खरा दिवस

पाणी ६९ पर्यंत तापवा. पिशवी लावायच्या आधी रॉडच्या वर स्टीलची जाळी किंवा स्टँड ठेवा, पिशवी रॉडला टेकली की कापड वितळतंय. मग चार किलो भरड हळूहळू सोडत, रवीनं नाही तर मोठ्या उलथन्यानं हलवत जा, गुठळी राहू देऊ नका. धान्य गार असतंय म्हणून टेम्परेचर आपोआप ६६ च्या जवळ येतंय. आता पीआयडीला ६६, पंप चालू पण व्हॉल्व अर्धाच उघडा, फार जोरात ओढलं की पिशवी खाली चिकटते.

पाऊण तासानं टिंक्चर आयोडिनची परीक्षा करा. पांढऱ्या बशीत रसाचे दोन थेंब, त्यावर आयोडिनचा एक. काळानिळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी पंधरा मिनिटं थांबा. तपकिरीच राहिला तर झालं. बशीतला रस फेकून द्या, भांड्यात परत टाकू नका.

मग ७७ पर्यंत नेऊन दहा मिनिटं ठेवा, रस पातळ होतो आणि नीट निथळतो. आता लाल बटण दाबून हीटर बंद आणि मगच पिशवी उचलायची. दोन माणसं लागतात, छताच्या कडीला दोरी-पुली लावली तर एकाला पण जमतंय. पिशवी निथळू द्या, किलोमागं साधारण एक लिटर पाणी धान्य पिऊन घेतंय, म्हणून २५ चे २१-२२ लिटर राहतात. चोथा आमच्या शेजारच्या म्हशीला जातोय, ती वाट बघत असते.

गोडी मोजायला ब्रिक्समीटर लागतो. ज्याच्या घरी द्राक्षबाग आहे त्याच्याकडं हातातला रिफ्रॅक्टोमीटर असतोच, तोच घ्या. १० ब्रिक्सच्या आसपास आलं तर छान, ७ आलं तर भरड फार जाड होती किंवा माल्ट कच्चं होतं.

उकळताना एक गोष्ट सोलापूरची. आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहोत, आपल्याकडं पाणी साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतंय. पीआयडीला १०० दिलं तर तो कधीच पोहोचत नाही आणि रॉड फुल चालू ठेवून सगळं उतू घालवतो. म्हणून उकळी आली की कंट्रोलर मॅन्युअलवर घ्या आणि ६० टक्के पॉवर द्या. पहिला फेस येतो तेव्हा समोरून हलू नका, फोन आला तरी. अर्धा तास उकळा, शेवटच्या दहा मिनिटात ठेचलेलं आलं आणि चार वेलदोडे. लिंबू गार झाल्यावर.

गार करणं, आणि पाणी

दहा मीटर तांब्याची नळी वेटोळं करून उकळत्या रसात शेवटची दहा मिनिटं बुडवून ठेवायची म्हणजे निर्जंतुक होते, मग हीटर बंद करून त्यातून गार पाणी सोडायचं. परदेशात नळ सरळ सोडून देतात. आपल्याकडं उजनीचं पाणी चार-चार, पाच-पाच दिवसाआड येतंय, ते असं गटारात सोडणं मला पटत नाही, आणि मे महिन्यात गच्चीच्या टाकीतलं पाणी स्वतःच इतकं तापलेलं असतंय की रस गार होणारच नाही. मी दोन टप्प्यात करतो. आधी एका पिंपातलं साधं पाणी नळीतून फिरवून रस पन्नासपर्यंत आणतो, ते गरम पाणी भांडी धुवायला जातंय. मग बादलीत बर्फ टाकून तेच थोडं पाणी छोट्या पंपानं परत परत फिरवतो, वीस-पंचवीस मिनिटात रस तिशीच्या खाली येतोय.

गाळून स्टीलच्या डब्यांत भरा आणि लगेच फ्रिजमध्ये. तीन दिवसात संपवा. जास्त केला असेल तर शेजारी-पाजारी द्या. घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून बाहेर ठेवू नका, गोड रस आहे, हवेतलं यीस्ट बसून आपोआप आंबायला लागतोय, आतला गॅस वाढून काचेची बाटली फुटते. बुडबुडे किंवा आंबूस वास आला तर ओतून टाका.

प्यायला देताना अर्धा ग्लास रस, अर्धं थंड पाणी किंवा सोडा, लिंबू, चिमूटभर काळं मीठ.

भांडं त्याच दिवशी धुवा, दुसऱ्या दिवशी चिकटलेलं निघत नाही. बोअरचं पाणी वापरत असाल तर तीन-चार वेळा झाल्यावर रॉडवर पांढरा थर बसतोय, त्याच्याखाली रॉड जास्त तापून लवकर जातो, लिंबूसत्वाच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवला की सुटतोय. धुताना प्लग काढून हातात धरलेला असू द्या, नुसतं बटण बंद केलेलं चालत नाही. आणि महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण, मी महिन्याच्या एक तारखेला दाबतो, त्याच दिवशी अर्थच्या खड्ड्यात दोन बादल्या जास्तीच्या ओततो.